शरभ, शर्जा आणि घारापुरीच्या हत्तीवरचा प्राणी

रायगड जिल्ह्यातले किल्ले हिंडणाऱ्याला 'शरभ' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पनवेल सोडले की कर्णाळ्याचा सुळका मागे पडतो, मग पेण, अलिबाग, रेवदंडा, मुरूड. आणि तिथे समुद्रात जंजिऱ्याच्या दरवाजावर तो असतोच. सिंहासारखे धड, पंजांत पकडलेले हत्ती, एक हत्ती शेपटीत गुंडाळलेला. घाटावरच्या कित्येक दरवाजांवर त्याचे भाऊबंद आहेत. दुर्गप्रेमी त्याला शरभ म्हणतात, दुर्गविषयक पुस्तकांत शरभ छापतात, संग्रहालयांच्या पाट्यांवरही हाच शब्द दिसतो. शब्द इतका रुळला आहे की त्याच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

संशय घ्यायचा तर त्या प्राण्याचे पाय मोजावेत. संस्कृत ग्रंथांतल्या शरभाला आठ पाय आहेत आणि त्याचे भक्ष्य सिंह आहे. दगडातल्या शरभाला चार पाय आहेत आणि त्याच्या पंजात हत्ती आहेत. हत्ती मारणे हे काम आपल्या कविसंकेतात सिंहाचे. त्यासाठी शरभाला बोलवावे लागत नाही. मग सिंहाच्या अंगावर शरभाचे नाव कसे चढले असावे?

शब्दाच्या घरापासून सुरुवात करू. उणादिसूत्रांत शरभाची सोय लावलेली आहे. शॄ म्हणजे चिरडणे, फाडणे. त्याला 'अभच्' प्रत्यय लागून शरभ, म्हणजे फाडून टाकणारा. पण ज्या सूत्रात ही व्यवस्था आहे, त्याच सूत्रात करभ, शलभ, कलभ आणि गर्दभ हेही सिद्ध केले आहेत: उंटाचे पिल्लू, टोळ, हत्तीचे पिल्लू आणि गाढव. जवळच ऋषभ, वृषभ आणि रासभ उभे आहेत. एवढी प्राण्यांची नावे 'भ'ने संपावीत हा योगायोग दिसत नाही. प्राणिनामे घडवणारा हा फार जुना प्रत्यय असावा. ग्रीक भाषेत हरणाला 'एलाफॉस' आणि करडाला 'एरिफॉस' म्हणतात, तिथल्या 'फ'मागेही मूळचा तोच 'भ' आहे. संस्कृतातल्या गाढवाचे आणि ग्रीकांच्या हरणाचे शेपूट एक निघावे, यात मला अजूनही आनंद होतो.

या कुटुंबात पाहिले तर शरभ मुळात कोणी राक्षसी प्राणी नसावा. अथर्ववेदात तो रानातला कोणीतरी चपळ पशू दिसतो. अमरकोशात तो गवय आणि ससा यांच्या पंक्तीला बसला आहे; पाय किती याची चर्चाही नाही. पालीत 'सरभमिग' असा जोडशब्दच आहे, आणि त्या नावाच्या जातकात आपल्या मागे लागलेला राजा खड्ड्यात पडला तेव्हा त्याला बाहेर काढणारा सरभ हा सरळ हरणाच्या जातीचा आहे. कालिदासाच्या मेघदूतात हिमालयातले शरभ मेघावर उडी घालायला धावतात आणि गारांच्या माराने पांगतात. तिथे त्यांची उडी महत्त्वाची, नखे नव्हेत. उंच उडी मारणारे, बर्फाळ डोंगरातले एखादे हरीण किंवा रानबकरा हा शरभाचा मूळ अर्थ असावा असे वाटते.

मैदानातल्या माणसाने तो प्राणी कधी पाहिला नाही, शब्द मात्र ऐकला. न पाहिलेल्या प्राण्याला पाय फुटायला वेळ लागत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात एका ऋषीचा कुत्रा भीतीपोटी एकेक रूप मागत जातो: चित्ता, वाघ, हत्ती, सिंह, आणि सिंहालाही भीती वाटावी असा शरभ. शेवटी ऋषी त्याला पुन्हा कुत्रा करतो. या चढणीवर शरभ सर्वांत वरच्या पायरीवर आहे, आणि तो अष्टपाद आहे. (अष्टापद हा शब्द आठ घरांच्या सोंगट्यांच्या पटालाही आहे, आणि सोन्यालाही, त्या वाटेने गेलो तर परत येणे कठीण.) पुढे लिंगपुराणात शिव शरभरूप घेऊन नरसिंहाला आवरतो. 'फाडणारा' ही व्युत्पत्ती या मजल्यावर पोचलेल्या शरभाला शोभते. ती प्राणी उग्र झाल्यानंतर रुचलेली दिसते.

दक्षिणेत या पौराणिक शरभाच्या मूर्ती आहेत. दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात बाराव्या शतकातली आहे, कुंभकोणजवळ त्रिभुवनम् येथे तर शरभेश्वराची स्वतंत्र पूजा चालते. तिथला शरभ पंख असलेला, नरसिंहाला धरलेला, ओळखायला निःसंदिग्ध. आपल्या किल्ल्यांवरच्या प्राण्याचे त्याच्याशी नाते जोडताना ओढाताण होते. शिल्पशास्त्राचा शब्द वापरायचा तर आपल्या प्राण्याला 'व्याल' म्हणणे जास्त जवळचे. व्यालाचे घर ऐसपैस आहे: सिंहव्याल, गजव्याल, अश्वव्याल, नरव्याल, तमिळांचा याळी त्याच वंशातला. आणि व्याल हाही चमत्कारिक शब्द. कोशात त्याचे अर्थ साप, हिंस्र श्वापद आणि माजलेला दुष्ट हत्ती असे आहेत. म्हणजे अर्थात हत्ती आणि शिल्पात हत्तीच्या उरावर चढलेला! मराठीत याचा फक्त सापच उरला. शंकर व्याळभूषण राहिला आणि मंदिराच्या भिंतीवरचा व्याल अभ्यासकांपुरता झाला.

आता माझा तर्क मांडतो.

हत्ती धरलेल्या सिंहाची ही शिल्पे किल्ल्यांच्या दरवाजांवर बहरली ती प्रामुख्याने बहमनी राजवट आणि तिच्यातून फुटलेल्या शाह्या यांच्या काळात. त्या दरबारांची भाषा फारसी. फारसीत 'शर्ज़ा' म्हणजे उग्र, चवताळलेला. 'शेर-ए-शर्ज़ा' हा तिथला ठरलेला प्रयोग, आणि विशेषण पुढे विशेष्याची जागा घेऊन एकटे 'शर्ज़ा'ही सिंहासाठी वापरात आले. बिदरच्या किल्ल्याला 'शर्ज़ा दरवाजा' आहे, त्यावर दगडात कोरलेले श्वापद आहे. विजापूरला ज्या बुरुजावर मुलूख-ए-मैदान तोफ आहे तो 'शर्ज़ा बुरूज', आणि त्याही नावाचे कारण तिथले सिंहच. म्हणजे ही शिल्पे ज्यांनी बसवली, त्यांच्याकडे या प्राण्याचे नाव तयार होते आणि ते वास्तूलाही मिळालेले होते.

हा शब्द मराठीत शिरला नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. विजापूरचा सरदार शर्जाखान मराठी कागदपत्रांत ठायी ठायी भेटतो. भूषण कवी शिवाजीमहाराजांना 'सरजा' म्हणतो. काही टीकाकार तिथे 'सर-जाह', उच्चपदस्थ, असा अर्थ लावतात, पण सिंह हा अर्थ मला सरळ वाटतो. सर्जेराव हे नाव घराघरांत आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या बाजूला सर्जेकोट आहे, मालवणजवळ दुसरा आहे. आणि सर्वांत जिवंत पुरावा गोठ्यात आहे. पनवेल-उरणच्या पट्ट्यात बैलगाडीच्या शर्यतीचे वेड किती, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बैलजोडीचे नाव विचारले तर सर्जा-राजा हे उत्तर महाराष्ट्रात कुठेही मिळेल. बिदरच्या दरवाजावरचा उग्र सिंह पोळ्याला शिंगे रंगवून घेतो आहे, हे त्या बैलाच्या मालकाच्या गावीही नसते. शब्दाचा याहून लोभस प्रवास मला चटकन आठवत नाही.

तेव्हा असे झाले असावे. दरवाजावरच्या प्राण्याला लोक शर्जा म्हणत असावेत. पुढे इतिहास-पुरातत्त्वाचा अभ्यास संस्कृत पारिभाषिक शब्दांत लिहिला जाऊ लागला, तेव्हा शर्जाला जोडीदार शोधताना आवाजाने जवळचा, अर्थाने उग्र आणि वर पुराणातला असा शरभ हाताशी आला. 'शर' तेवढा कायम राहिला आणि उरलेला प्राणी बदलला.

निव्वळ उच्चारसाम्यावर एवढी इमारत उभी करणे धोक्याचे आहे. पण शरभाने फारसीच्या वाटेने आलेला एक शब्द याआधी गिळलेला आहे, आणि तेही मराठ्यांच्याच घरात. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पीराच्या कृपेने झालेले पुत्र म्हणून एकाचे नाव शहाजी आणि दुसऱ्याचे शरीफजी ठेवले, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. शरीफ हा अरबी शब्द, कुलीन या अर्थाचा. भोसल्यांची शाखा तंजावरला गेली, तिथे हे नाव सरफोजी झाले. आणि संस्कृत-तमिळ पंडितांच्या हाती पडल्यावर शरभोजी, शरभेंद्र झाले. दुसऱ्या सरफोजींवर (राज्यकाल १७९८ ते १८३२) रचलेल्या तमिळ नाटकाचे नावच 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' आहे. कावेरीकाठी शरभेश्वराचे ठाणे हाकेच्या अंतरावर असल्यामुळे पंडितांना शरभ सुचायला श्रम पडले नसावेत. पीराचे नाव नरसिंहाला आवरणाऱ्या शिवरूपाचे नाव झाले आणि दोन्ही परंपरांपैकी कोणाचा अपमान झाला असे त्या दरबारात कोणाला वाटलेले दिसत नाही. शरीफचा शरभ होऊ शकतो, तर शर्जाचा होण्यात ध्वनीची अडचण उरत नाही.

फारसी शब्दाला संस्कृत अंगरखा घालण्याची ही खोड मराठीत जुनी आहे. माझे आवडते उदाहरण शहामृग. फारसीत त्या पक्ष्याला 'शुतुर-मुर्ग़', म्हणजे उंट-पक्षी म्हणतात. हिंदीने ते शुतुरमुर्ग असे जसेच्या तसे ठेवले. मराठीत शुतुरचा 'शहा' झाला आणि मुर्ग़चा 'मृग'. वरवर पाहता हा अपभ्रंशच, पक्ष्याचे हरीण केले! पण मुर्ग़ हा शब्द अवेस्तातल्या 'मरग'वरून आला आहे, आणि त्याचे संस्कृत भावंड मृगच आहे. मृग म्हणजे आधी कोणताही रानटी जीव. इराणात त्याचा पक्षी झाला, आपल्याकडे हरीण. (इराणातला पक्षी पुढे उतरत उतरत हिंदीत मुर्गा झाला.) शुतुर म्हणजे तर आपला उष्ट्रच. तेव्हा शहामृग म्हणणाऱ्या मराठी माणसाने नकळत त्या शब्दाला त्याच्या आजोळी आणून सोडले आहे. अर्धेच सोडले, कारण 'उष्ट्रमृग' मात्र झाले नाही.

याच मुर्ग़चा दुसरा, अधिक थोर अवतार म्हणजे सीमुर्ग़. फारसी सूफी कवी अत्तार याने त्याचा 'सी मुर्ग़', तीस पक्षी, असा अर्थ घेऊन अख्खे काव्य उभारले. भाषाशास्त्र मात्र त्यात अवेस्तातला 'सएन' पक्षी पाहते, आणि सएन म्हणजे संस्कृतातला श्येन. श्येन-मृग, सोम आणणाऱ्या श्येनाचा इराणी चुलतभाऊ. आपल्या पंचतंत्रात समुद्राने अंडी नेली म्हणून टिटवीचे जोडपे गरुडाकडे दाद मागते. ही गोष्ट पश्चिमेला गेली तेव्हा अरबीत गरुडाच्या जागी 'अन्क़ा' आला आणि फारसी 'अन्वार-इ-सुहैली'त सीमुर्ग़. अकबराच्या काळात त्या ग्रंथाची चित्रे काढली गेली आणि अशी एक चित्रित पोथी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पनवेलहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून चालत जाता येईल इतकी ती गोष्ट जवळ आली आहे, फक्त मधे बगदाद आणि हेरात करून.

वस्तुसंग्रहालय हा शब्द नंतरचा. जुन्या मराठीत अशा जागेला अजबखाना म्हणत. अजब, अजायब, ताज्जुब ही एकाच अरबी धातूची लेकरे. तेराव्या शतकातल्या झकरिया क़ज़्वीनीच्या 'अजाइब अल्-मख़्लूक़ात' या ग्रंथाच्या नावात हेच अजाइब आहेत, सृष्टीतली नवले. त्याच्या सचित्र प्रतींमध्ये सीमुर्ग़ापासून समुद्रातल्या राक्षसी माशांपर्यंत सारे एका पंक्तीत रेखाटलेले. नावाचा उरलेला भाग 'ग़राइब' असा आहे, म्हणजे अनोखी, परकी. त्याचे एकवचन ग़रीब, जे आपल्याकडे येता येता परक्याचे निर्धन झाले. अजबखाना म्हणताना लोकांच्या मनात हत्ती गिळणारा पक्षी आणि हत्तीच असे वेगळे कप्पे नसावेत. दोन्ही अजबच. 'वस्तुसंग्रहालय' आले आणि पाहणाऱ्याचे नवल शब्दातून निघून गेले, वस्तू तेवढी राहिली. नेमकेपणासाठी ते बरेच झाले. तरी अजबखाना गेल्याचे मला वाईट वाटते.

शरभाच्या शेजारी किल्ल्यांवर दुसराही एक प्राणी आढळतो, त्याचा उल्लेख टाळता येणार नाही: दोन डोक्यांचा गंडभेरुंड. विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यावर तो चोचींत आणि पंजांत हत्ती धरून आहे, म्हणजे जंजिऱ्याच्या सिंहाचेच काम पक्ष्याने अंगावर घेतलेले. आज तो कर्नाटकाच्या राजमुद्रेवर आहे. पंचतंत्रात एक पोट आणि दोन माना असलेला पक्षी 'भारुंड' नावाने येतो. एकनाथांच्या भारुडाची एक व्युत्पत्ती या भारुंडावरून लावतात: एक तोंड लौकिकाचे, दुसरे परमार्थाचे. 'बहुरूढ'वरून भारूड लावणारेही आहेत, आणि ध्वनीच्या हिशेबात भारुंड अधिक चोख बसतो. पण रचनेला पक्ष्याचे नाव देणारा पहिला माणूस कोण असावा आणि त्याने भारुंड कुठे कोरलेला पाहिला असावा, हे कोडे सुटल्याखेरीज मी ती व्युत्पत्ती पदरी बांधून घेणार नाही.

माझ्या शर्जा-तर्काविरुद्ध एक आक्षेप सरळ दिसतो. हत्तीवर चढलेला सिंह शाह्यांच्या आधीही आपल्याकडे होता. मंदिरांवरचे व्याल हत्ती दाबूनच उभे असतात. खरे आहे, मूर्ती जुनी, तिचे नाव मागाहूनचे असू शकते, आणि मी नावाविषयीच बोलतो आहे. पण मूर्तीला शाह्यांपूर्वी कोकणात कोणत्या नावाने हाक मारत असतील, हा प्रश्न त्याने सुटत नाही. आणि त्यासाठी एक वस्तू इतकी सोयीची होती की ती शाबूत राहिली नाही याची चुटपुट लागते.

पनवेलच्या खाडीतून पूर्वी होड्या मुंबईला जात, त्या पाण्यात घारापुरी आहे. बेटाला पोर्तुगीजांनी नाव दिले ते तिथल्या काळ्या दगडाच्या हत्तीवरून. हा हत्ती आज घारापुरीला नाही. १८१४ साली त्याची मान गळून पडली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना खाली पडून फुटला. तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणले गेले, १९१४ मध्ये ते पुन्हा जोडले, आणि आता तो डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. हेच १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून उघडलेले संग्रहालय.

या हत्तीच्या पाठीवर एक लहान प्राणी होता. कॅप्टन पाइकने १७१२ मध्ये पाहिला तेव्हा त्याला तो हत्तीचे पिल्लू वाटला. शंभर वर्षांनी, १८१३ मध्ये, विल्यम एर्स्किनने बेटाचे वर्णन मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे वाचले. तोवर त्या प्राण्याचे चार पंजे आणि पोट जिथे हत्तीच्या पाठीला चिकटले होते ती जागा, एवढेच उरले होते. कॅप्टन हॉलने काढलेल्या चित्रावरून तो वाघ असावा असे हॉलचे मत, आणि एर्स्किनचा कल त्याच बाजूला. पाठीवर पिल्लू असेल तर शिल्प वात्सल्याचे. वाघ असेल तर ते हत्तीवर चढलेल्या श्वापदाचे, आणि मग जंजिऱ्याच्या दरवाजाचे कोकणातले पूर्वरूप आपल्या हातात येते.

मला एर्स्किनचे पटते, कारण पंजे हे हत्तीच्या पिल्लाला नसतात. मात्र 'वाघ' हा त्या इंग्रजांचा शब्द, इथल्या रानातल्या वाघावरून सुचलेला. मंदिर कोरणाऱ्या सूत्रधाराने त्याला सिंह म्हटले असेल किंवा व्याल. खाडीतून गलबते नेणाऱ्यांनी, विजापूरच्या अमलानंतर, कदाचित शर्जा म्हटले असेल. आज पाटी लिहायला बसलेला माणूस शरभ लिहील अशी मला धास्ती आहे. चार पंजांचे ठसे आहेत; आठांचे असते तर मी निमूटपणे शरभ मान्य केला असता.